सुवर्णपदकाचा सातबारा

गुरुकुंज मोझरीच्या परिसरात कुठल्याही गावात, फक्कीनं आखलेल्या मैदानाच्या कडेला उभं राहून कबड्डीत भारत जिंकेल का असं विचारलं, तर उत्तर साधारण ठरलेलं असतं: "आपलाच खेळ हाये तो. त्याच्यात कोन हरवते आपल्याले?"

या बोलण्यात बढाई कमी आणि आठवण जास्त आहे. मोझरीहून अमरावती फार लांब नाही. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूनं परदेशी प्रेक्षकांसमोर कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीत गुरुकुंज आश्रम उभारला तो त्याच्या आदल्याच वर्षी. ज्या मुलखातली पोरं हुतूतू घेऊन बर्लिनला गेली, त्या मुलखाला हा खेळ घरचा वाटणारच.

पुढं पदकांनी ही भावना पक्की केली. 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी आली आणि तिथपासून 2014 च्या इंचॉनपर्यंत पुरुषांच्या सातही स्पर्धांचं सुवर्ण भारतानं नेलं. 2004 ला मुंबईत, 2007 ला पनवेलला आणि 2016 ला अहमदाबादला झालेला विश्वचषकही भारताचाच. सुवर्णाचा सातबारा जणू आपल्या नावावर चढला. पण नाव लागलं म्हणून शेत पिकत नाही, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

त्या तिन्ही विश्वचषकांच्या अंतिम सामन्यात समोर एकच संघ होता, इराण. इंचॉनचा अंतिम सामनाही इराणशीच झाला आणि भारतानं तो 27-25 असा जिंकला. फक्त दोन गुण! एक चढाई फसली असती तर पदकाचा रंग बदलला असता. पण पदकतालिकेत दोन गुणांचं सुवर्ण आणि वीस गुणांचं सुवर्ण सारखंच दिसतं. जुन्या विजयाचा खरा धोका इथं आहे. तो निकाल लक्षात ठेवतो, सामना विसरायला लावतो.

ऑगस्ट 2018, जकार्ताचे आशियाई खेळ. आधी गटात दक्षिण कोरियानं भारताला एका गुणानं हरवलं. मग 23 तारखेला उपांत्य सामन्यात इराणनं 27-18 असं गारद केलं. दुसऱ्या दिवशी महिलांचं सुवर्णही इराणनं 27-24 असं नेलं. देशभर एकच प्रश्न विचारला गेला: आपण हरलो कसे? इराण जिंकलं कसं, हे फार थोड्यांनी विचारलं.

त्याचं उत्तर शोधायला तेहरानला जायची गरज नव्हती. ते महाराष्ट्रातच होतं. इराणचा भक्कम बचावपटू फजल अत्राचली 2015 साली प्रो कबड्डी जिंकलेल्या यू मुंबाच्या संघात होता. आपले चढाईपटू कुठल्या पायावर वळतात, बोनस घ्यायला किती आत जातात, हे तो इथल्याच मॅटवर रोज पाहत होता. आणि इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. भाषा वेगळी, रीतभात वेगळी, तरी त्यांनी त्या मुली घडवल्या, सरावाला योग-प्राणायामाची जोड दिली आणि भारताविरुद्धच्याच अंतिम सामन्यात त्यांना जिंकवून दाखवलं. नाशिकच्या मैदानावर मुरलेली विद्या सुवर्ण घेऊन गेली, फक्त दुसऱ्या देशासाठी. त्या पराभवातलं सर्वात शिकण्यासारखं पान हेच, आणि तेच आपण घाईनं उलटलं.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत दोन्ही सुवर्णं परत आली. पण कशी? महिलांनी चिनी तैपेईला 26-25 असं, एका गुणानं हरवलं. पुरुषांचा इराणविरुद्धचा अंतिम सामना गुणांच्या वादावरून बराच वेळ थांबला आणि 33-29 वर संपला. मैदानाबाहेर मात्र "आपलंच होतं, आपल्याकडे आलं" हाच सूर होता.

जुन्या विजयावर विसंबण्याचा हा आजार फुटबॉलच्या जगातही जुना आहे. इटलीनं 2006 साली चौथा विश्वचषक जिंकला, आणि 2018 च्या स्पर्धेला ती पात्रही ठरली नाही. 2021 च्या जुलैत तिनं युरो चषक उचलला, तर पुढच्या मार्चमध्ये उत्तर मॅसिडोनियाकडून घरच्या मैदानावर हरून पुन्हा विश्वचषकाबाहेर राहिली. 1998 चा विजेता फ्रान्स 2002 मध्ये एकही गोल न करता परतला. 2014 चा विजेता जर्मनी पुढच्या दोन्ही वेळा गटातच आटोपला. दर वेळी लोकांनी खेळाडूंकडे बोट दाखवलं, कारण त्यांच्या अंगावर जुन्या ताऱ्यांची जर्सी होती.

भारतीय फुटबॉलचं दुखणं तर याहून खोल. 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णं आजही प्रत्येक चर्चेत निघतात. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय वंशाच्या मुंबईकरानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला, हेही सांगितलं जातं. हा अभिमान रास्तच आहे. पण 1962 चं सुवर्ण तयार कसं झालं, हे त्याच्यासोबत सांगितलं जात नाही. त्या स्पर्धेतला पहिला सामना भारत दक्षिण कोरियाकडून 0-2 असा हरला होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना कर्करोगानं गाठलं होतं. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, मूळच्या बचावपटूला, त्यांनी आघाडीवर खेळवलं. त्यानं अंतिम सामन्यात गोल केला आणि त्याच कोरियाला भारतानं 2-1 असं हरवलं. गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको त्या संघात होता. पुढच्याच वर्षी रहीम गेले. आशियाई खेळांत त्यानंतर भारतीय फुटबॉलला एकच पदक मिळालं, 1970 चं ब्राँझ.

त्या आठवणीचं ओझं आजच्या पोरांच्या खांद्यावर आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मडगावजवळ फातोर्ड्याला भारताच्या छांगटेनं सुरुवातीलाच गोल केला, तरी सिंगापूरनं सामना 2-1 असा जिंकला आणि 2027 च्या आशियाई चषकाचं भारताचं दार बंद झालं. प्रशिक्षक खालिद जमील संघाकडे येऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. आधीच्या तीन पात्रता सामन्यांत संघाला एकही विजय मिळाला नव्हता. तरी चीड निघाली ती मैदानावरच्या अकरा जणांवर.

अपेक्षा ठेवू नये असं कुणी म्हणणार नाही. पण ती योग्य दारात मांडावी. आंतरराष्ट्रीय कबड्डी मॅटवर, बूट घालून खेळली जाते. खेड्यातलं पोरगं मात्र मातीत, अनवाणी चढाई शिकतं. निवड चाचणीत पहिल्यांदा मॅटवर उभं राहिलं की पाय सरकतो, वळताना गुडघा दगा देतो. या वर्षी आपल्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात एकदा जाऊन या. कबड्डीची मॅट आहे का, ती अंथरली जाते की गुंडाळून कोपऱ्यात पडलेली असते, मुलींच्या सरावाला प्रशिक्षक येतो का आणि त्याचं मानधन वेळेवर निघतं का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर ग्रामसभेत विचारा, आमदारांना विचारा. आशियाई खेळांच्या सुवर्णाबद्दल नंतर बोलू.