आधी जुन्या कॉम्प्युटरची नाडी बघा, मग नवा लॅपटॉप घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट बंद केली. तेव्हापासून ज्यांच्या घरी, दुकानात किंवा क्लासमध्ये आठ-दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आहे, त्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळतोय. हा काढून टाका, पातळ हलका लॅपटॉप घ्या, वेगही मिळेल आणि वीजही वाचेल. सल्ला चुकीचा नाही. पण तो देणारा बऱ्याचदा विकणाराच असतो, आणि साठ-सत्तर हजार जाणार असतात ते तुमच्या खिशातून. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी अर्धा तास जुन्या मशीनसमोर बसा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स या पानावर सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे आकडे हलताना दिसतील. तुम्ही काहीच करत नसताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास चिकटून बसला असेल आणि तिथे एचडीडी असं लिहिलेलं असेल, तर दुखणं प्रोसेसरचं नाही, हार्ड डिस्कचं आहे. तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावरून एक बारीक दांडी पुढे-मागे सरकत माहिती वाचते. कॉम्प्युटर सुरू होताना हजारो छोट्या फायली इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात, आणि त्यातच ती थकते. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसतो. नवा लॅपटॉप हातात घेतल्यावर 'काय पळतोय!' असं वाटतं, त्यातला मोठा वाटा या एसएसडीचा असतो. ती जुन्या मशीनमध्येही बसते.

मात्र एसएसडीवर पैसे घालण्याआधी प्रोसेसरची पिढी बघा. इंटेलचा असेल तर नावातल्या रेघेनंतरचा आकडा वाचायचा. आय५-७४०० म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालते आणि तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. आठवी किंवा त्यापुढची पिढी असेल, तर एसएसडी बसवा, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, विंडोज ११ घाला आणि तीन-चार वर्षं निवांत राहा. तुम्हाला नव्या लॅपटॉपची गरजच नाही. सातवी किंवा त्याआधीची असेल, तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची जादा सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहेत. त्यांच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक ठेवली की त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. ही मुदत नुसती ढकलत नेण्यासाठी वापरू नका, शांतपणे बाजार बघण्यासाठी वापरा.

आता विजेचं. 'वीज वाचते' हे वाक्य दुकानदार फार जोरात म्हणतो, म्हणून जरा हिशोब मांडू. जुना कॅबिनेट आणि मॉनिटर मिळून साधारण १०० ते १२० वॅट खातात. दिवसाला सहा तास आणि महिन्याचे २६ दिवस चालवला तर १६ ते १९ युनिट होतात. हलका लॅपटॉप टायपिंग, ब्राउझर, हिशोब अशा कामाला ८ ते १५ वॅटमध्ये भागवतो, म्हणजे महिन्याला दीड-दोन युनिट. वाचले पंधरा युनिट. युनिट दहा रुपयांच्या आसपास धरलं तर महिन्याला दीडशे, वर्षाला अठराशे. साठ हजारांचा लॅपटॉप या बचतीतून फेडायचा तर तेहतीस वर्षं लागतील. महिन्याचा वापर १०० किंवा ३०० युनिटच्या टप्प्याच्या काठावर असणाऱ्यांना थोडा जास्त फरक जाणवेल, पण विजेच्या बिलासाठी म्हणून कुणी लॅपटॉप घेऊ नये. पर्यावरणासाठी म्हणूनही घाई नको, कारण लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा भाग तो कारखान्यात तयार होतानाच होऊन गेलेला असतो.

मग कमी विजेचा खरा फायदा कुणाला? ज्यांच्याकडे वीज जाते त्यांना. डेस्कटॉपला लावलेला छोटा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत कुईकुई करायला लागतो, तेवढ्यात फाइल सेव्ह करून बंद करायचं, एवढाच त्याचा उपयोग. हलक्या लॅपटॉपची बॅटरी साधारण ५० ते ६० वॅट-तासांची असते. १० वॅट खाणारं मशीन तिच्यावर पाच तास सहज निघतं. दुपारी तीन तास वीज जाणाऱ्या गावातला सेतू केंद्रवाला असो, शिकवणी घेणारी बाई असो की घरून काम करणारी सून असो, त्यांच्यासाठी हे पाच तास म्हणजे बुडणारा दिवस वाचणं. शिवाय घरातल्या इन्व्हर्टरवर ताण नाही. आणि वजन. जुना पंधरा इंची लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, चार्जरची वीट वेगळी. नवा चौदा इंची १.२ ते १.४ किलोचा, आणि टाइप-सीचा ६५ वॅटचा चार्जर फोनलाही चालतो. रोज लोकलने किंवा एसटीने जाणाऱ्याच्या खांद्याला यातला फरक लगेच कळतो. मशीन घरातल्या टेबलावरून हलणारच नसेल, तर मात्र हलकेपणासाठी जास्तीचे पैसे का मोजायचे, हा प्रश्न स्वतःला विचारा. त्याच पैशात मोठा मॉनिटर आणि छोटा मिनी पीसी येतो, आणि तोही जुन्या कॅबिनेटपेक्षा पुष्कळ कमी वीज खातो.

हलकं घ्यायचंच ठरलं, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पातळपणासाठी कंपन्या रॅम बोर्डावरच चिकटवून टाकतात. पूर्वीसारखं मागचं झाकण उघडून चिप बदलता येत नाही. घेताना ८ जीबी घेतलीत, तर शेवटपर्यंत ८ जीबीच. 'नंतर वाढवून देऊ साहेब' असं कुणी म्हणालं, तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या माहितीत ऑनबोर्ड किंवा सोल्डर्ड असा शब्द आहे का, हे तिथेच उभं राहून फोनवर बघा. माझं मत स्पष्ट आहे. पाच-सात वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबी घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, एआयच्या डेटा सेंटरची मागणीच तेवढी आहे, त्यामुळे १६ जीबीची मॉडेल महाग वाटतील. तरीही बाकी कुठेही काटछाट करा, इथे नको. एसएसडी ५१२ जीबी पुरे. ती बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येते आणि फोटो-व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर ठेवता येतात.

काटछाट प्रोसेसरमध्ये करा. लोक 'आय५ आहे ना?' एवढंच विचारतात आणि तिथेच फसतात. नुसत्या स्टिकरवर का जाऊ नये, ते एका उदाहरणाने सांगतो. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकलं की २०२३ च्या जमान्याचं नवंकोरं काही वाटतं. पण या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. इथे तो २ आहे, म्हणजे झेन २, ही २०१९ ची रचना. शेजारचा ७५३०यू झेन ३ चा. नावात फरक एका आकड्याचा, आत फरक एका पिढीचा. ७५२०यूवाला वाईट नाही, टायपिंगला छान चालेल, फक्त त्याला नव्याचा भाव देऊ नका. नावाच्या शेवटचं अक्षरही वाचा. यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी जपणारा. एच म्हणजे ४५ वॅटच्या घरातला, व्हिडिओ एडिटिंग आणि गेमसाठी. पातळ लॅपटॉपात एच घेतला, तर पंखा घोंघावतो, मांडी भाजते आणि बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत बॅटरी उत्तम टिकते, पण तिथे रॅम थेट प्रोसेसरच्याच पॅकेजात असते. २२६व्ही म्हणजे १६ जीबी, २२८व्ही म्हणजे ३२. त्यामुळे रॅमचा निर्णय तिथे प्रोसेसर निवडतानाच होऊन जातो.

पडदा मात्र डोळ्यांनीच निवडा, कागदावरून नाही. स्वस्त मॉडेलमध्ये २५० निट उजेडाचा आणि ४५ टक्के एनटीएससी रंगांचा पडदा सर्रास घालतात. दुकानातल्या ट्यूबखाली तो ठीक दिसतो. मशीन उचलून दाराशी आणा आणि त्यावर मराठी मजकूर उघडा. रफार, अनुस्वार, 'द्ध' आणि 'ह्म' सारखी जोडाक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत. दिवसभर मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याचे डोळे तिथेच शिणतात. ३०० निटच्या वर आणि १९२० बाय १२०० चा आयपीएस पडदा असेल, तर बहुतेकांना पुढचं काही लागत नाही.

मॅकबुक एअरबद्दल हमखास विचारलं जातं. २०२० च्या एम१ पासून त्यात पंखाच नाही, आवाज शून्य, बॅटरी दिवसभर, आणि वेगाबद्दल तक्रारीला जागा नाही. स्नॅपड्रॅगन एक्सवाले विंडोज लॅपटॉपही बॅटरीत त्याच वाटेने चाललेत. पण तुमचं काम काय आहे? टॅली विंडोजवर चालते. पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे अजून पेजमेकर आणि डोंगल लावून चालणारी श्रीलिपी असते. विंडोजच्या त्या सीडी मॅकवर बसत नाहीत. स्नॅपड्रॅगनवर विंडोजचं जुनं सॉफ्टवेअर बहुधा चालेल, पण डोंगल, जुना प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक मशीन, ई-टेंडरची डिजिटल सहीची पेनड्राइव्ह यांना त्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि जुन्या वस्तूंसाठी तो कुणी लिहीत बसत नाही. तेव्हा कॉम्प्युटरला मागून काय काय जोडलेलं आहे, त्याची यादी कागदावर करा आणि ती घेऊन दुकानात जा. एकाही वस्तूबद्दल 'चालेल हो' यापेक्षा पक्कं उत्तर मिळालं नाही, तर इंटेल किंवा एएमडीवर राहा. नुसतं मराठी टाइप करायचं असेल तर काळजी नाही. इनस्क्रिप्ट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे आहे, आणि 'namaste' सारखं रोमन टाइप करून नमस्ते उमटवायची सवय असेल तर फोनेटिक कळफलकही विंडोजमध्येच मिळतो.

बजेट पस्तीस हजारांच्या आत असेल, तर नव्या तकलादू मॉडेलपेक्षा मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले, नीट केलेले लॅपटॉप बघा. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ते भरपूर मिळतात. थिंकपॅड किंवा लॅटिट्यूडचा सांगाडा दणकट असतो. तिथे एकच तपासणी चुकवू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. जो अहवाल तयार होतो, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल, तर नवी बॅटरी घालून द्या, असं स्पष्ट सांगा.

पैसे देताना एक खोड टाळा. 'सगळं सेट करून द्या' म्हणून मशीन काउंटरवर ठेवून चहाला जाऊ नका. दुकानातला मुलगा घाईत स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने खातं उघडतो, आणि सोबत आलेलं ऑफिस त्याच खात्याला जोडलं जातं. पुढे विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की ऑफिस गेलं. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, ती अडकली तर उघडायची ४८ आकडी किल्लीही त्याच खात्यात असते. खातं तुमचं, पासवर्ड तुमचा, आणि ती किल्ली वहीत उतरवून कपाटात. बिलावरचा सीरियल नंबर मशीनच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळवा. जीएसटी क्रमांक असेल तर बिलावर घालायला लावा, १८ टक्क्यांचं क्रेडिट धंद्यासाठी मिळू शकतं. वॉरंटीत माणूस घरी येणार की तुम्ही मशीन घेऊन जायचं, आणि जायचं तर सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का, हेही आत्ताच विचारा.

नवा घरी आला की जुना लगेच देऊन टाकू नका. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप सगळेच कॉपी करतात. राहतं ते वेगळंच : टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल आणि जुने फाँट. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली पंधरा वर्षांची पत्रं त्या फाँटशिवाय नव्या मशीनवर उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. फाँट आधी हलवा, आणि जमलं तर महत्त्वाच्या फायली जुन्या मशीनवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. महिना-दीड महिना दोन्ही शेजारी ठेवा. मार्चअखेर, शाळेचे निकाल, असं तुमचं एखादं मोठं काम नव्या मशीनवर पार पडलं की जुन्याची हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. उरलेलं मशीन चालतं असेल तर लिनक्स मिंट टाकून एखाद्या शाळकरी मुलाला द्या. बंद पडलेलं असेल तर भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पोचवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे, त्यामुळे नवा लॅपटॉप ज्या कंपनीचा घेतलात तिच्या साइटवर जुनं मशीन परत देण्याची सोयही बघा.