दृष्टांताची उलटतपासणी

संध्याकाळनंतर कुठलंही मराठी चॅनेल लावा, एका घरात मेलेल्या माणसाचा आत्मा फिरत असतो आणि दुसऱ्या घरात कुणाला तरी पुढचं दिसत असतं. भुताखेतांबद्दल माझी तक्रार नाही, आधीच सांगून ठेवतो. नारायण धारपांचं पुस्तक लायब्ररीत नंबर लावून घ्यायचं आणि रात्री वाचल्यावर परसात जायला घाबरायचं, त्यातलाच मी. धारपांचा समर्थ, मतकरींच्या गूढकथा, सगळं आवडीनं वाचलंय. माझी तक्रार तपासाबद्दल आहे.

एक साचा आता पक्का झालाय. खून होतो, खुनी घरातलाच असतो, आणि त्याला हुडकायचं काम पोलीस करत नाहीत, दैवी शक्ती करते. ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ घ्या. झी मराठीवर सप्टेंबर 2022 ला सुरू झाली, मूळ बंगाली ‘त्रिनयनी’वरनं घेतलेली, आणि दोन वर्षांहून जास्त चालली. नायिका नेत्रा, तिला पुढं घडणारं आधी दिसतं. समोर खलनायिका रूपाली. ऐश्वर्या नारकरांनी ती अशी रंगवली की आमच्या शेजारच्या मावशी टीव्हीसमोर बसून तिला शिव्या घालायच्या. बरोबरच आहे, कारण गुन्हेगार कोण हे मावशींना पहिल्यापासून ठाऊक. मग पुढचे शेकडो भाग चालायचं काय? नायिकेला दिसतं, ती सांगते, घरातलं कोणी ऐकत नाही. पुरावा हाताशी येतोय येतोय म्हणेपर्यंत जळतो, हरवतो, नाहीतर साक्षीदार जिन्यावरनं पडतो. रहस्यकथेत ‘कोणी केलं’ हा प्रश्न असतो. इथं प्रश्न एवढाच, की बाकीच्यांना कळणार कधी? आणि ते टीआरपी उतरेपर्यंत कळायचं नाही.

यात लेखकांचा आळस आहे तसा रोजच्या मालिकेचा नाइलाजही आहे. रोज वीस-बावीस मिनिटं भरायची म्हटल्यावर खरा तपास परवडत नाही. तपासात माग काढावा लागतो, चुकावं लागतं, परत फिरावं लागतं. दृष्टांताला एक पांढरा फ्लॅश आणि घंटेचा आवाज पुरतो.

(विज्ञानवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. ‘सीआयडी’ 1998 पासून बघतोय आपण. डॉक्टर साळुंखे नळीत रंगीत पाणी हलवायचे आणि जाहिरात संपायच्या आत खुन्याचं नाव हजर! तो पण देवऋषीच, फक्त पांढरा कोट घातलेला.)

गंमत बघा. रोनाल्ड नॉक्स नावाचा एक इंग्रज पाद्री होता, स्वतः रहस्यकथा लिहायचा. 1929 साली त्यानं रहस्यकथेचे दहा नियम काढले. त्यातला एक म्हणजे दैवी शक्तीनं गुन्हा उकलायचा नाही. देवाधर्माचं काम करणारा माणूस हे सांगतोय! आणि शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉईल तर मेलेल्यांशी बोलता येतं यावर मनापासून विश्वास ठेवणारे, त्यासाठी व्याख्यानं देत हिंडणारे. पण होम्सच्या एकाही गोष्टीत त्यांनी आत्म्याकडून उत्तर काढून घेतलं नाही. बास्करव्हिलच्या कुत्र्याच्या जबड्यावर शेवटी फॉस्फरसच निघाला. ज्याचा विश्वास होता त्यानंही हे पथ्य पाळलं, कारण त्याशिवाय वाचकाला डोकं चालवायला काय उरणार?

आपल्याकडं उलटा प्रवास झाला. ‘रात्रीस खेळ चाले’ 2016 ला आली तेव्हा कोकणाची बदनामी, अंधश्रद्धेला खतपाणी, म्हणून गदारोळ झाला. पण त्या पहिल्या पर्वात निदान शंका जिवंत होती. हे भूत आहे का माणसाचं कारस्थान, यावर चहाच्या गाड्यावर पैजा लागायच्या. 2021 च्या तिसऱ्या पर्वापर्यंत अण्णा नाईक आणि शेवंता राजरोस भुतं होऊन वावरायला लागले. शंका संपली, आणि माझ्यापुरती मजाही संपली.

आता कोणी म्हणेल, मालिकाच आहे, एवढं काय मनाला लावून घेता? सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका घरातनं सोन्याचं गंठण गेलं. पोलिसांत कोणी गेलं नाही. घरातले ‘बघणाऱ्या’कडं गेले. त्यानं नाव घेतलं नाही, ते कधीच घेत नाहीत. ‘घरात ये-जा असलेली, सावळी, उंच, दक्षिणेकडनं येणारी.’ बास. धुणंभांडी करणारी बाई त्या बाजूच्या वस्तीतनं यायची. आठ दिवसांत तिची गल्लीतली चारही घरं सुटली. तिला कोणी चोर म्हटलं नाही, त्यामुळं ती ‘मी चोर नाही’ असंही कुणाला म्हणू शकली नाही. मी त्या घरातल्या शिकलेल्या पोराला विचारलं, पुरावा काय? तो म्हणाला, “काका, त्यांना दिसतं.” हे वाक्य मी टीव्हीवर शंभरदा ऐकलंय.

मुद्दा हाच आहे. ज्याला ‘दिसलं’ त्याची उलटतपासणी करता येत नाही. किती वाजता दिसलं, किती अंतरावरनं, उजेड होता का, हे त्याला कोण विचारणार? साक्षीदाराला मात्र कोर्टात हे सगळं विचारतात, तासन्‌तास.

याच कोल्हापुरातली केस आठवा. गावित मायलेकींचं बालहत्याकांड. त्या बायका काळं काजळ फासून, पार्श्वसंगीतावर हसत हिंडत नव्हत्या. कडेवर मूल घेऊन गर्दीत मिसळायच्या, म्हणूनच वर्षानुवर्षं कोणाला संशय आला नाही. 1996 साली एका अपहरणाच्या तपासात त्या सापडल्या, आणि बाकीचं बाहेर आलं ते घरातलाच एक जण माफीचा साक्षीदार झाल्यामुळं. 2001 मध्ये इथल्या सत्र न्यायालयाचा निकाल लागला. मधल्या काळात किती आईबाप मुलाचं नाव घेऊन कुठल्या कुठल्या दारात ‘बघायला’ गेले असतील, कोण जाणे.

आणि डॉ. दाभोलकर? 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. त्याच खुनाच्या तपासात प्लँचेट केल्याचा आरोप 2014 मध्ये ‘आउटलुक’नं केला. पोलिसांनी तो साफ नाकारला. खरंखोटं बाजूला ठेवा, पण हा आरोप ऐकून लोकांना ते अशक्य वाटलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. शेवटी 10 मे 2024 ला दोघांना जन्मठेप झाली, त्यात मोठा वाटा होता प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीचा. त्यातला एक पुणे महापालिकेचा सफाई कामगार. त्यालाही ‘दिसलं’ होतं, पण उघड्या डोळ्यांनी, दिवसाढवळ्या. आणि भर कोर्टात बोट दाखवून, आरोपीच्या वकिलाचे प्रश्न झेलून त्यानं ते सांगितलं. या माणसावर मालिका काढायला कोणी तयार आहे का?

बंदी घाला असं मी म्हणत नाही, मला बंदीची भाषाच आवडत नाही. सुरुवातीला ती तीन सेकंदांची ‘आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही’ पाटी येते तिचाही उपयोग शून्य. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र बघून कोण सोडतंय?

मागणी साधी आहे. नायिकेला दिसू दे, पण अर्धंच दिसू दे. हात दिसावा, चेहरा नको. मग तिनं हिंडावं, विचारावं, सीसीटीव्ही मागावा, पोलीस ठाण्यात तासभर बाकावर बसावं. आणि एकदा तरी तिला दिसलेलं साफ चुकीचं निघावं. तिच्या बोलण्यावरनं एका निरपराध बाईचं काम जावं, आणि पुढचे चार भाग नायिकेनं त्या बाईच्या दारात जाऊन उभं राहावं. टीआरपी पडणार नाही ओ, उलट वाढेल.

आपल्या मोरेवाडीच्या चित्रनगरीत शूटिंगं चालू असतात. त्यातली लेखक-दिग्दर्शक मंडळी इथं फॉलोअर्समध्ये आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि बाकीच्यांना एक विचारायचंय. दैवी दृष्टी असलेल्या नायिकेचा अंदाज चुकला आणि तिला माफी मागावी लागली, अशी एखादी मराठी मालिका आठवते का? कमेंटमध्ये नाव टाका. मी दोन दिवस डोकं खाजवतोय, मला एकही आठवेना.