एका परिचारिकेकडे किती रुग्ण?

दिवाळीच्या गर्दीत दुकानात एकच विक्रेता आणि समोर दहा गिऱ्हाइके असतील, तर तो कितीही निष्णात असला तरी कोणाचे माप चुकते, कोणाची पावती राहते. जाणता व्यापारी अशा वेळी त्याला दोष देत नाही, माणसे वाढवतो. रुग्णालयात मात्र हा साधा न्याय विसरला जातो. औषधाला उशीर झाला की सिस्टरच्या आस्थेविषयी शंका घेतली जाते. त्या पाळीत तिच्याकडे किती रुग्ण होते, हे सहसा कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न तपासला. १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा त्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण अधिक आला, की रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. परिचारिका थकून खचण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. याचे कारण उघड आहे. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन जातात. श्वास जड होणे, नाडी वाढणे, लघवी कमी होणे ही धोक्याची चिन्हे प्रथम परिचारिकेलाच दिसतात, पण त्यासाठी तिला खाटेपाशी थांबायला वेळ हवा.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे, तर अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात अनेक वॉर्डांत, विशेषतः रात्रपाळीत, हे प्रमाण पाळले जात नाही.

संख्येइतकीच कामाची पद्धतही महत्त्वाची असते. सलग दोन पाळ्या, पाळी बदलताना घाईत दिलेली माहिती, औषधे मोजताना वारंवार येणारे फोन आणि नातेवाइकांचे प्रश्न यांमुळे निष्णात हातही चुकतो. शंका बोलून दाखवणाऱ्या परिचारिकेला डॉक्टरांनी फटकारले, तर पुढच्या वेळी ती गप्प राहते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. वेतन तुटपुंजे असेल, तर अनुभवी परिचारिका निघून जाते. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर नेमलेल्या समितीने २०१६ साली, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे, अशी शिफारस केली.

व्यापारी कुटुंबांतील अनेकजण धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त वा देणगीदार असतात. इमारतीवर आणि यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते. रात्रपाळीतील आणखी एका परिचारिकेच्या वेतनावर ती लागत नाही. तरीही रुग्णाचा जीव वाचवण्यात त्या वेतनाचा वाटा यंत्राहून कमी नसतो. विश्वस्तांच्या पुढील सभेत जमाखर्चाबरोबर तीन प्रश्न विचारले जावेत: रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात? वर्षभरात किती जणी सोडून गेल्या? आणि का?