चटईवरचा हिशेब

२०१५ साली २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागला, तेव्हापासून दरवर्षी त्या सुमारास आपल्या धर्मग्रामांत एक ठरावीक वाद रंगतो. मिस्सा संपवून मंडळी चर्चच्या आवारात रेंगाळतात आणि कुणीतरी विषय काढतो : कॅथलिक माणसाने योग करावा काय? एक पक्ष म्हणतो, ओंकार आला की परधर्म आला. दुसरा म्हणतो, श्वासाला कसला आला आहे धर्म? दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात, आणि पाऊस आला की छत्र्या उघडून घरी जातात.

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. चटईवर बसणारा माणूस तेथे काय मागायला बसला आहे, हे दोघांपैकी कुणीही विचारीत नाही. शत्रू बाहेरून येणार म्हणून आपण दारावर पहारा ठेवला आहे, आणि तो तर आपल्याबरोबर घरातूनच चटई काखेत मारून निघालेला असतो.

हे मी अनुभवाने सांगतो. पत्नी गेल्यानंतर वर्षभर मला झोप नव्हती. मुलीच्या आग्रहावरून मी योगवर्गाला जाऊ लागलो. पहिले दोन-तीन महिने फार चांगले गेले. प्राणायामानंतर अंगभर एक निवांतपणा उतरे आणि वाटे, देवाने अखेर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तसे चारचौघांत बोलूनही दाखविले. मग एके दिवशी ती शांती आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मी श्वासाची आवर्तने वाढविली, पहाटेची वेळ आणखी अलीकडे ओढली, वर्ग बदलून पाहिला. शेजारी बसणारे गृहस्थ माझ्याहून सहा वर्षांनी वडील. त्यांचे पद्मासन सहज लागे. ते पाहून मी माझा गुडघा एवढा दाबला की पुढे दीड महिना जिना चढताना कठडा धरावा लागला. शिक्षकांनी मला आधीच बजावले होते, तेव्हा त्यांचा काही दोष नाही. गुडघा बरा झाला. पण देवावर मी रुसलो होतो, तो रुसवा काही लवकर निघाला नाही. मी एवढे करतो आहे, मग ठरल्याप्रमाणे मिळत का नाही, असा माझा सवाल होता. ‘ठरल्याप्रमाणे’ हा शब्द कोठून आला? देवाने तर माझ्याशी काहीच ठरविलेले नव्हते.

तो शब्द जुना होता. पत्नीच्या आजारपणात मी नऊ बुधवार नोव्हेना केली होती, एकही न चुकविता, आणि नवव्या बुधवारनंतर तिची प्रकृती अधिकच ढासळली. तेव्हाही मी मनात हाच हिशेब मांडला होता. मेणबत्तीच्या जागी चटई आली एवढाच काय तो फरक. म्हणून योगाच्या विरोधकांना माझे सांगणे आहे की परधर्माच्या भयाने ज्या व्यवहाराला तुम्ही दारातून हाकलू पाहता, तो आपल्या वेदीसमोर केव्हाचाच गुडघे टेकून बसला आहे.

आता समर्थकांकडे वळतो. त्यांच्यातल्या पुष्कळांनी पतंजली उघडून पाहिलेलाच नाही. योगसूत्रे जवळजवळ दोनशे आहेत. त्यांत प्रत्यक्ष आसनाविषयीची अवघी तीन. आरंभीच पतंजली चित्तवृत्तींच्या निरोधासाठी दोन साधने जोडीने सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. आपण जोडीतला एक बैल गाडीला जुंपला आणि दुसरा गोठ्यातच बांधून ठेवला; मग गाडी गोल गोल फिरते यात नवल काय? शिवाय पतंजलींचे वैराग्य मोठे कडक. जे विषय डोळ्यांना दिसतात त्यांचीच नव्हे, तर जे नुसते ऐकिवात आहेत त्यांचीही तृष्णा सुटली पाहिजे. आणि भाष्यकार त्यांत स्वर्गसुद्धा धरतात. पुढे सिद्धींचे वर्णन येते, तेथेही त्या समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत असे ते बजावतात. म्हणजे ज्यासाठी आपण चटई पसरतो, ते मिळाले तरी त्यात अडकू नये, असे या शास्त्राचा कर्ताच सांगतो.

कुणी म्हणेल, हा अनासक्तीचा विचार हिंदूंचा, आपला नव्हे. तर मग संत इग्नेशियसना कोठे ठेवायचे? त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. त्याच्या पायाभूत तत्त्वातच ते सांगतात की आजारापेक्षा आरोग्य किंवा अल्पायुष्यापेक्षा दीर्घायुष्य हवेच, असा हट्ट आपल्याकडून नसावा. (त्याच ग्रंथात श्वासागणिक प्रार्थनेचा एकेक शब्द उच्चारण्याची एक पद्धतही दिलेली आहे, हे श्वासाला घाबरणाऱ्यांनी जाता जाता पाहून ठेवावे.) संत जॉन ऑफ द क्रॉस तर अधिकच परखड. साधनेत नव्याने आलेल्यांना गोड अनुभूतीची चटक लागते, तिला ते सरळ आध्यात्मिक खादाडपणा म्हणतात. माझ्या त्या दोन-तीन महिन्यांचे निदान चारशे वर्षांपूर्वीच करून ठेवलेले होते.

१५ ऑक्टोबर १९८९ रोजी रोमच्या श्रद्धासिद्धान्त विभागाने ख्रिस्ती ध्यानधारणेविषयी एक पत्र काढले. त्यावर सही होती कार्डिनल रॅट्झिंगर यांची. तेच पुढे २००५ साली पोप बेनेडिक्ट झाले. विरोधक हे पत्र बंदी म्हणून मिरवितात, तर समर्थक ते दडवून ठेवतात. पौर्वात्य पद्धती सरसकट टाकून द्याव्यात असे त्यात म्हटलेले नाही. काही शारीरिक क्रियांनी आपोआपच शांत, सुखद वाटते. ते सुख म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेले सांत्वन असे समजू नका, हा त्यातला इशारा आहे. मला तो वेळीच कुणी वाचून दाखविला असता तर चारचौघांतले माझे ते बोलणे तरी टळले असते.

‘निरपेक्षता संन्याशांना शोभते, आम्हां संसारी माणसांना दुखणी आहेत,’ हा आक्षेप मला मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. साखर वाढली म्हणून कुणी आसने करीत असेल तर त्याने ती खुशाल करावीत. तो प्रामाणिक व्यायाम आहे. बी. के. एस. अय्यंगारसुद्धा १९३४ च्या सुमारास मैसूरला योगाकडे वळले तेव्हा आजारांनी खंगलेले एक पोरच होते; त्यांनाही प्रकृतीच सुधारायची होती. पण पुढे २०१४ साली पुण्यात वयाच्या ९५ व्या वर्षी देह ठेवीपर्यंत त्यांनी अभ्यास सोडला नाही. केवळ प्रकृतीपुरताच प्रश्न असता तर तो कितीतरी आधी सुटला होता.

अपेक्षा असूच नये, असे मी म्हणत नाही. गेथसेमनीच्या बागेत प्रभू येशूने आपली इच्छा गिळून टाकली नाही. प्याला दूर व्हावा असे त्याने पित्याला स्पष्ट सांगितले, आणि मग निर्णय पित्यावर सोपवून तो उठला. प्याला टळला नाही, पण त्यानंतरही तो त्याला पिताच म्हणत राहिला. माझ्या नवव्या बुधवारनंतर मी मात्र कित्येक महिने त्या शब्दाशी अडखळत होतो.

अजूनही मी वर्गाला जातो. गुडघा पूर्ण वळत नाही, म्हणून भिंतीलगत खुर्ची घेऊन बसतो. काही रात्री झोप लागते, काही रात्री लागत नाही. आमच्या सभागृहाच्या दारावर मात्र ‘तीस दिवसांत मनःशांती’ अशी या वर्गाची पाटी आहे आणि तिच्या शेजारी हमखास फळ देणाऱ्या नोव्हेनेचे पत्रक चिकटविलेले आहे. दोन्ही एकाच दिवशी उतरवावीत, अशी लेखी विनंती मी धर्मग्राम मंडळाकडे केली आहे. पाटी तेवढी आधी काढू, पत्रकाचे नंतर पाहू, असे मला तोंडी कळविण्यात आले. मी अर्ज मागे घेतलेला नाही.