खाडीवरचा टिलवा

रत्नागिरीजवळ भाट्ये येथे काजळी नदी समुद्रास मिळते. ओहोटी लागली की अशा खाड्यांतील चिखल उघडा पडतो. ही जागा निरुपयोगी, येथे भराव घालावा, निदान केरकचरा तरी टाकावा, असे पुष्कळांस वाटते. हे मत बरोबर नाही.

कोकणच्या खाड्यांवर हिवाळ्यात टिलवा नावाचा चिमणीएवढा पक्षी येतो. वजन जेमतेम २० ते ३० ग्रॅम! त्याची वीण होते उत्तर ध्रुवाकडील टुंड्रा प्रदेशात. तेथील उन्हाळा फार थोडा. तेवढ्यात अंडी घालून पिले वाढवावयाची आणि हजारो किलोमीटर उडून दक्षिणेस यावयाचे. पिले तर बहुधा आईबापांच्या मागाहून निघतात, आणि तरीही वाट चुकत नाहीत!

चिखलातील बारीक कृमिकीटक तो सारखा टिपीत असतो. त्यास अधाशी म्हणू नये. वसंतात परतावयाचे, त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगावरील चरबी. भरती आली की चिखल बुडतो आणि जेवण थांबते. हाती उरलेल्या मोजक्या तासांत कोणी गंमत म्हणून दगड मारून थवा उडविला, तर साठविलेली चरबी उगाच खर्ची पडते.

नांगर चालत नाही ती जमीन पडीक, हा माणसाचा हिशेब झाला. टिलव्याचे पोट त्याच जमिनीवर भरते. तेथे भराव पडला, तर शेजारची खाडी दाखवून भागत नाही. तेथे दुसरे थवे आधीच चरत असतात.