हिशेबतपासनीस कोणाच्या मिठाला जागणार?

कंपनीचा ताळेबंद खरा की खोटा, हे सांगणाऱ्याचे शुल्क त्याच कंपनीच्या तिजोरीतून दिले जाते. आपल्या देशातील खाजगी भांडवलाची अवघी उभारणी या विचित्र व्यवस्थेवर विसंबून आहे. कायद्याने हिशेबतपासनीसाची नेमणूक भागधारक करतात आणि शुल्कही सर्वसाधारण सभेत ठरते. प्रत्यक्षात संचालक मंडळाने पुढे केलेला ठराव तेथे संमत होतो, आणि विखुरलेल्या छोट्या भागधारकाला त्याची गंधवार्ताही नसते. खाल्ल्या मिठाला जागणे हा एरवी सद्गुण. येथे तोच सामान्य गुंतवणूकदाराच्या मुळावर येतो.

सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी आपल्या पत्रात कबुली दिली की, ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकेतील शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी दाखविले होते, खरे होते २,११२ कोटी. कामकाजातील नफा ६४९ कोटी सांगितला, खरा होता ६१ कोटी. म्हणजे २४ टक्क्यांच्या जागी अवघा ३ टक्के! आणि त्याच सप्टेंबर महिन्यात या कंपनीला उत्तम कारभाराबद्दल एक गाजलेला पुरस्कार मिळाला होता.

नफ्याची प्रत म्हणतात ती हीच. कागदावरचा नफा बँकेत पैसा होऊन येतो की नाही, हा प्रश्न तपासनीसाने विचारायचा असतो. आणि त्यासाठी मुदतठेवींची खातरजमा थेट बँकेकडून करून घेणे हा या धंद्याचा पहिला धडा. प्राइस वॉटरहाऊसच्या भारतीय पेढ्यांनी हे काम कंपनीच्याच व्यवस्थापनाच्या हाती सोडले, असा ठपका अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ साली ठेवला. आपल्याकडे सेबीचा निर्णय यायला जानेवारी २०१८ उजाडला. त्यातील दोन वर्षांची बंदी अपील न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये रद्द केली. सुमारे १३ कोटी रुपयांच्या शुल्काची वसुली मात्र कायम ठेवली. नाहीशा झालेल्या हजारो कोटींच्या मानाने ही रक्कम किती, हे वाचकांनीच ताडून पाहावे.

हा खोटा नफा लागतो कशासाठी? भांडवल उभे करण्यासाठी. फुगविलेल्या नफ्याने शेअरचा भाव चढतो, चढ्या भावाचे शेअर तारण ठेवून प्रवर्तक कर्ज काढतात, आणि मग तो भाव टिकविण्यासाठी पुढच्या तिमाहीत आणखी खोटे लिहावे लागते. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमने राजू कुटुंबाच्याच मायटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरला विकत घेण्याचा घाट घातला, तो ताळेबंदातील हे भगदाड बुजविण्यासाठीच. गुंतवणूकदारांच्या ओरडीने तो बेत काही तासांत गुंडाळावा लागला. कबुलीच्या दिवशी शेअरचा भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला, आणि पन्नास हजारांवर कर्मचाऱ्यांच्या पोटावर टांगती तलवार आली.

यानंतर २०१३ चा कंपनी कायदा झाला. पेढी दहा वर्षांनी बदलणे बंधनकारक झाले, तपासणीबरोबर इतर कित्येक सेवा विकण्यास मनाई झाली. तरीही २०१८ साली आयएल अँड एफएस बुडाली, सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज डोक्यावर घेऊन. तिच्यात आयुर्विमा महामंडळाचा पाव हिस्सा होता. सर्वोच्च पतमानांकनावर विश्वासून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा पैसाही तिच्या रोख्यांत गुंतला होता. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज देऊन थकबाकी झाकली जात होती, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. हिशेबतपासनीसांवरील कारवाई पुढे चालू शकते, एवढे ठरायलाच सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२३ चा निकाल लागला.

पेढ्या बदलल्या, पैसे देणारा हात बदलला नाही. सरकारी कंपन्यांचे हिशेबतपासनीस महालेखापरीक्षक नेमतात. ती पद्धत निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही, कारण शुल्क तेथेही कंपनीच देते. परंतु निदान मालकाच्या मर्जीतून नेमणूक सुटते. जनतेचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या खाजगी कंपनीला हाच नियम लावावा, आणि शुल्क कंपन्यांकडून वसूल केलेल्या सार्वजनिक निधीतून द्यावे, अशी मागणी संसदेत व संसदेबाहेर झाली पाहिजे.

तोवर भविष्यनिर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळांवरील कामगार प्रतिनिधींना एक गोष्ट आजच करता येईल. ज्या कंपनीच्या रोख्यांत पैसा घालायचा, तिने तपासनीसाला तपासणीचे किती आणि इतर कामांचे किती दिले, आणि तिच्या नफ्यापैकी रोख किती हाती आली, हे त्यांनी मंडळाच्या बैठकीत विचारावे. हे आकडे वार्षिक अहवालात, मागल्या पानांवरच्या बारीक टाइपात का होईना, छापलेले असतात.