नावापुरती नदी

आमच्या देवघरात तांब्याचा एक लहानसा गडू आहे. आजीने काशीयात्रेहून आणलेले गंगाजल त्यात आहे. तोंड डाख देऊन बंद केलेले. घर तीनदा बदलले, पण गडूला धक्का लागला नाही. सणावाराच्या आधी आई तो चिंचेने घासून लख्ख करी. अंतकाळी ओठांवर दोन थेंब पडावेत, एवढ्यासाठी ही निगा! नागपुरातील कितीतरी घरांत असा गडू सापडेल.

आणि ज्या नदीवरून या शहराला नाव मिळाले, तिला मात्र आपण बिनदिक्कत ‘नाला’ म्हणतो.

शहराच्या पश्चिमेस लाव्याच्या टेकड्यांत उगम पावलेली नाग नदी अंबाझरीवरून गावात उतरते आणि मोक्षधाम घाटाजवळून पूर्वेकडे जाते. आपल्या माणसांना अखेरचा निरोप द्यायला आपण त्या घाटावर जमतो आणि परतताना नाकाला रुमाल लावतो. पुढे हेच पाणी कन्हानेतून अंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ जेथे रचला असे विदर्भाची परंपरा मानते, ते हे अंभोरा. तिथल्या पवित्र संगमाला आपण काय पाठवतो? नागपूरचे सांडपाणी. ते गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचते.

प्रेम नाही, असे कोण म्हणेल? शहराच्या स्थापनेचे वर्ष 1702 आपल्याला पाठ असते, संत्र्यांचा अभिमान असतो. पण अभिमानाला कष्ट पडत नाहीत. निगेला रोज पडतात. आईवडिलांचे पाहावे म्हणून 2007 साली संसदेला कायदा करावा लागला, तो काही त्यांच्यावर प्रेम नसलेल्यांचाच देश होता म्हणून नव्हे. भिंतीवरच्या छायाचित्राला हार घालणे सोपे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची कूस बदलणे अवघड.

निगा सुटली की काय होते, हे 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरने पाहिले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहू लागला आणि अरुंद झालेल्या पात्रातले पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरले. मोरभवन बसस्थानक बुडाले, माणसे दगावली. पात्राच्या कडेने भिंती आणि पार्किंग उभारणारे काही परप्रांतातून आले नव्हते. ते आपणच होतो.

महापालिका दर उन्हाळ्यात यंत्रे लावून गाळ काढते. केंद्राने नदीच्या शुद्धीकरणासाठी एकोणीसशे कोटींहून अधिक रकमेची योजना मंजूर केली आहे. ती व्हायलाच हवी. भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, म्हणजे हे अशक्य नाही. मात्र निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावणारा हात कोणत्याही योजनेत धरता येत नाही.

दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, याचा शोध मी गेल्या महिन्यात प्रथमच घेतला. पन्नाशी उलटल्यावर! चार गल्ल्या फिरून ते नाग नदीतच पडते. घरी येऊन देवघरात पाहिले. गडूचा डाख अजून शाबूत आहे.